तारीख लागेपर्यंत

फेब्रुवारीत वसमत तालुक्यातल्या कुठल्याही गावरस्त्यानं जा, दोन्ही अंगांना हळदीची काढणी चाललेली दिसेल. पाला आधीच कापून झालेला असतो. गडी कुदळीनं, टिकावानं गड्डे उकरतात. बाया ओणव्या होऊन माती झाडतात आणि हळकुंडं वेगळी करतात. बांधाला कुकर लावून हळद शिजते, मग ती वाळते, पॉलिश होते, कट्ट्यांत भरली जाते आणि कुणाच्या तरी पाठीवरून ट्रॅक्टरमध्ये चढते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि हिंगोलीच्या मोंढ्यातला तिचा बाजार दूरवर माहीत आहे. या पिकाची प्रत्येक पायरी मात्र कंबरेतून जाते. खरिपात सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी असते, तेव्हाही भार कंबरेवरच येतो.

अशाच एखाद्या दिवशी कट्टा उचलताना कंबरेत चमक निघते. घरचे म्हणतात, उसण भरली. दोन-चार दिवसांत कंबर जरा मोकळी होते, पण कळ खाली उतरायला लागते. कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूनं, पोटरीवरून ती थेट पावलापर्यंत जाते. खोकलं की विजेसारखी जाते. अंगठ्याला मुंग्या येतात. बसवत नाही आणि झोपही लागत नाही. गावातले डॉक्टर पाय उचलून पाहतात आणि म्हणतात, ‘सायटिका आहे. शीर दबली आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवा.’ तिथं नाव नोंदवलं जातं, एमआरआयची तारीख मिळते, त्यानंतर तज्ज्ञांची तारीख. कधी तारीख लांबची असते, कधी पैशाची जुळवाजुळव व्हायची असते, कधी शेतात हळद उभी असते.

हे प्रकरण या मधल्या दिवसांबद्दल आहे. सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे दिवस वाया जात नाहीत, त्या दिवसांतच शरीर आपलं मोठं काम करत असतं. त्या कामाच्या आड यायचं नाही, जमेल तेवढा हात द्यायचा, आणि कोणत्या खुणा दिसल्या की तारीख विसरून त्याच क्षणी निघायचं हे पक्कं ठाऊक ठेवायचं.

शीर कुठून निघते, कुठे जाते

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. उगमाजवळ ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद, म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढी असते. कंबरेचे शेवटचे दोन मणके आणि त्याखालचं त्रिकास्थी हाड यांतून पाच मुळं बाहेर पडतात आणि एकत्र येऊन ही नस तयार होते. कुल्ल्याच्या स्नायूखालून ती मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याच्या वर दोन फांद्यांत फुटते आणि पावलापर्यंत पोचते. म्हणून बिघाड कंबरेत असला तरी दुखतो पाय. मोटारीची वायर बॅटरीजवळ घासली की दूरचा दिवा लुकलुकतो, तसंच हे.

कोणतं मूळ दबलं आहे हे पायच सांगतो. पोटरीच्या बाहेरच्या अंगानं येऊन पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यात मुंग्या येत असतील, अंगठा वर उचलताना जोर कमी पडत असेल, तर बहुधा कंबरेचं पाचवं मूळ. करंगळीकडची कड आणि तळवा बधिर वाटत असेल, चवड्यावर उभं राहणं जड जात असेल, तर त्याखालचं, त्रिकास्थीचं पहिलं मूळ. ही माहिती डॉक्टरांना सांगितली की त्यांचं निम्मं काम सोपं होतं.

नस दबते कशी? दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिची बाहेरची कड चिवट तंतूंच्या पदरांची आणि आतला गाभा मऊ असतो. पुरणपोळी डोळ्यांपुढे आणा. पोळी एका कडेनं दाबली आणि दुसऱ्या कडेला चीर असली, तर पुरण तिथून बाहेर येतं. माणूस पुढे वाकतो तेव्हा गादीची पुढची कड दाबली जाते आणि गाभा मागे रेटला जातो, आणि मागेच नसांची मुळं असतात. स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत बारीक सुई घालून आतला दाब मोजला. आडवं पडल्यावर तो सर्वांत कमी होता आणि वाकून ओझं उचलताना कितीतरी पटींनी वाढलेला होता. हळदीचा कट्टा वाकून उचलणाऱ्याला हे आकडे न वाचताही पटतील.

आपल्याकडे ‘गादी सरकली’ म्हणतात. या शब्दानं एक मोठा गैरसमज होतो. गादी ही सुटी चकती नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते, ती जागची हलत नाही. तिच्या कडेतून फक्त गाभा बाहेर येतो. त्यामुळे झटका देऊन, लाथ मारून, पाठीवर उभं राहून ती ‘परत बसवता’ येत नाही. पायाळू माणसाची लाथ घेण्याची रीत आपल्या गावांत जुनी आहे. साधी स्नायूंची उसण तशीही आठवड्याभरात उतरते, म्हणून ती लाथ लागू पडल्यासारखी वाटते. नस दबलेली असताना मात्र तोच झटका आणखी गाभा बाहेर ढकलू शकतो. डागण्या घेणाऱ्याची तर कातडी भाजते आणि नस होती तशीच राहते.

गिधाडाच्या नावाचं दुखणं

हे दुखणं नवं नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात ‘गृध्रसी’ नावानं त्याचं वर्णन आहे आणि वेदना कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमानं उतरते, असं तिथं सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत या दुखण्यात पाय उचलणं अडतं, अशी नोंद आहे. आजही डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात आणि कुठे अडतो ते बघतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा एका अंगावर झुकून, पाय ओढत चालतो म्हणून हे नाव, असं परंपरेनं सांगितलं जातं. तो झुकाव शरीर आपण होऊन घेतं, नसेला थोडी मोकळी जागा मिळावी म्हणून. तसं वाकडं चालणाऱ्याला ‘नीट चाल’ म्हणून रागावू नये.

युरोपात 1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी हे दुखणं सांध्याचं नसून नसेचं आहे, असं पुस्तक लिहून मांडलं. नस कशामुळे दबते हे कळायला आणखी एकशे सत्तर वर्षं गेली. 1934 मध्ये बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यचिकित्सकांनी गादीतून बाहेर आलेला गाभाच बऱ्याच रुग्णांच्या त्रासाचं मूळ आहे, असं दाखवून दिलं. तेव्हापासून हा गाभा काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: न काढता काय होतं?

थांबल्यानं काय होतं

गाभा बाहेर आला की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे तो नसेवर दाब देतो. दुसरी म्हणजे त्यातल्या द्रव्यांनी नस चिडते, सुजते आणि लालबुंद होते. पहिल्या काही आठवड्यांतली असह्य कळ बरीचशी या सुजेची असते. गाभा एरवी रक्तप्रवाहापासून दूर, बंदिस्त राहिलेला असतो. तो बाहेर पडताच शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजतात आणि हळूहळू त्याचे तुकडे खाऊन टाकतात. आश्चर्य असं की मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा बहुधा लवकर विरघळतो आणि नुसता फुगवटा हळू ओसरतो. एमआरआयच्या कागदावर मोठा शब्द दिसला म्हणून आशा सोडायचं कारण नाही, ते यामुळे.

नेदरलँड्समध्ये 2007 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया ठरवली, दुसऱ्याला औषध आणि सल्ल्यावर ठेवलं आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे स्पष्ट होतं. वर्षअखेरीला मात्र दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्या गटातल्या 39 टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे दहांतल्या सहांना लागली नाही. शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्याची कळ आठवडे उलटूनही हटत नाही त्याला ती खरा दिलासा देते. पण तारखेची वाट पाहताना रोज ‘उशीर होतोय, पाय जाईल’ या धास्तीत जगायची गरज नसते, एवढं या आकड्यांवरून म्हणता येतं. अपवाद ज्या खुणांचा आहे, त्या पुढे येतील.

अंथरुणाबद्दलही असाच एक अभ्यास 1999 मध्ये नेदरलँड्समध्येच झाला. सायटिकाच्या 183 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे झोपून राहायला सांगितलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडायला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत 87 टक्के लोक सुधारलेले होते. पडून राहिल्यानं काहीच अधिक मिळालं नाही. उलट फार दिवस पडलं की स्नायू ढिले पडतात, शौचाला खडा होतो, मन खचतं. पहिले एक-दोन दिवस कळ सोसेना म्हणून पडणं वेगळं. त्यानंतर मात्र उठायचं, थोडं चालायचं, पुन्हा टेकायचं.

दिवस कसा काढावा

सकाळी अंथरुणातून सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, गुडघे दुमडा, दोन्ही पाय बाजेखाली सोडा आणि हाताच्या जोरावर अंग वर घ्या. बाजेची सुंभ-नवार सैल पडून झोळ आला असेल तर काही दिवस लाकडी पलंग किंवा दिवाण वापरा. जमिनीवर झोपलं तर चालतं, पण जमिनीवरून उठतानाच सर्वांत जास्त कळ येते, हे लक्षात ठेवा.

झोपताना उताणं पडून पोटऱ्यांखाली गोधडीची वळकटी किंवा उशा रचा, गुडघे उंच राहतील इतक्या. बऱ्याच जणांना या आसनात तासाभराची झोप मिळते. कुशीवर झोपायचं तर दुखरा पाय वर ठेवा आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. काहींना पालथं पडून बरं वाटतं. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टना 1956 मध्ये हे अचानक कळलं. त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याची बाजू उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपला आणि पाच मिनिटांत त्याच्या पायातली कळ ओसरली. त्यातून त्यांनी पुढे जी पद्धत उभी केली, तिच्यातला एक नियम घरी वापरण्यासारखा आहे. एखाद्या आसनानं किंवा हालचालीनं कळ पावलातून वर, कंबरेकडे सरकत असेल तर ती हालचाल तुमच्या फायद्याची, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली, पावलाकडे उतरत असेल तर ती लगेच थांबवा. मोबाइलवर कुणी कितीही व्यायाम दाखवो, तुमच्या पायाचा कौल शेवटचा.

चालणं थोडं थोडं आणि वारंवार करा. एकदम दोन किलोमीटर चालण्यापेक्षा अंगणापासून देवळापर्यंत दिवसातून सहा वेळा बरं. सलग बसणं वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त नको. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं या काळात टाळा. भाकरी थापायची तर चूल किंवा गॅस ओट्यावर घ्या. शौचासाठी मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती फार महाग नसते आणि तिनं रोजची एक मोठी यातना वाचते. जेवणात भाज्या, भिजवलेली मटकी, भरपूर पाणी असू द्या. शौचाला जोर लावावा लागला की गादीवरचा दाब वाढतो आणि पायात कळ जाते. खोकला-शिंक आली तर भिंतीला हात टेकून, कंबर किंचित मागे ठेवून द्या.

पाणी भरताना भरलेला हंडा कंबरेवर घेऊ नका. दोन लहान कळश्या अर्ध्या भरून दोन हातांत घ्या. काही उचलायचंच झालं तर गुडघे वाकवा, वस्तू पोटाजवळ आणा आणि मग उठा. उचलता उचलता कंबर पिळून बाजूला वळणं हे सर्वांत घातक, तेव्हा आधी पाय फिरवा आणि मग अंग. कट्टा मात्र या दिवसांत उचलायचाच नाही.

नांदेडला किंवा परभणीला जायचं तर एसटीत मागच्या सीटवर बसू नका, धक्के तिथं सर्वांत जास्त बसतात. मधली सीट घ्या, कंबरेमागे पंचाची गुंडाळी ठेवा आणि गाडी थांबेल तिथं उतरून चार पावलं टाका. खड्ड्यांच्या रस्त्यानं दुचाकीवर मागे बसून जाणं टाळा.

गरम पाण्याच्या पिशवीनं आखडलेले स्नायू सैल होतात. ती फडक्यात गुंडाळून कंबरेला लावा. बधिर झालेल्या पोटरीला किंवा पावलाला कधीच लावू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही आणि अशी जखम महिनोन्महिने चिघळते. तेलानं हलक्या हातानं चोळलेलं चालतं, नस शोधून रगडलेलं चालत नाही. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी शोषलं जातं. हळदीच्या जिल्ह्यात राहूनही हळदीला औषध समजून तारीख चुकवू नका.

सुई आणि गोळी

दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची, नाहीतर ‘एक सुई मारा’ म्हणायचं, ही आपली सवय. या सुयांमध्ये डायक्लोफिनॅक सर्वांत ओळखीचं. त्याची एक गोष्ट या दुखण्याच्या नावाशी येऊन मिळते. 1990 च्या दशकापासून भारतातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2004 मध्ये संशोधनातून कारण समजलं. दुखऱ्या जनावरांना डायक्लोफिनॅक दिलं जाई, ती मेली की गिधाडं त्यांचं मांस खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. भारतानं 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. 2015 मध्ये माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्याही थांबवल्या, कारण त्या जनावरांकडे वळत होत्या.

माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि थोडे दिवस घेतलं तर हे औषध कामाचं आहे. पण धोक्याची जागा तीच आहे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याच्या उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वरून दिवसाला तीन गोळ्या घ्यायच्या, यानं मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. किडनीचा त्रास, पोटातला अल्सर, हृदयरोग, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगितल्याशिवाय हे औषध घेऊ नका. जेवल्यावरच घ्या. नाव वेगळं पण औषध तेच, अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्या जात नाहीत ना, हे पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून पाहा, नाहीतर शिकल्या पोराकडून वाचून घ्या.

सुईबद्दल आणखी एक. कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई बसली तर सायटिक नसेलाच इजा होते आणि पाऊल लुळं पडू शकतं. कुल्ल्यावर सुई द्यायचीच झाली तर ती वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात द्यायची असते. नसेच्या दुखण्यासाठी अप्रशिक्षित हाताकडून सुई घेऊन नसेलाच जखम करून घ्यावी, यासारखं दुर्दैव नाही. बिननावाच्या पुड्या, ‘तीन दिवसांत गुण’ देणारी चूर्णं यांपासूनही लांब राहा. अशा काहींत छुपं स्टेरॉइड असतं. गुण लवकर येतो आणि मागाहून साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन हे औषध पुष्कळ लिहिलं जातं. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 209 रुग्णांवर झालेल्या चाचणीत सायटिकासाठी त्याचा खोट्या गोळीहून अधिक उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. तुम्हाला ते सुरू असेल तर एकदम बंद करू नका. गुण येतो का, पेंग येते का, हे पुढच्या भेटीत स्पष्ट सांगा. ते घेऊन दुचाकी चालवणं किंवा विहिरीच्या काठावर काम करणं नको.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

आतापर्यंत धीराचं सांगितलं. आता जे सांगतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

पाठीच्या कण्याच्या तळाशी नसांचा एक जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. मोठा गाभा त्याच्यावर आला तर लघवी आणि शौचाचा ताबा जातो. लघवीला लागली तरी उतरत नाही, किंवा कळतच नाही आणि गळते. शौचाचं भान राहत नाही. सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तेवढा, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा येतो. लैंगिक संवेदना अचानक हरवते. यांतलं काहीही नव्यानं दिसलं तर ही तातडीची अवस्था आहे आणि तिथं हिशेब तासांचा असतो. त्याच क्षणी 108 ला फोन करा आणि जिथं मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात पोचा. रात्र आहे, उद्या सकाळी बघू, असं म्हणू नका. लघवीबद्दल बोलायची लाज बाळगू नका. विशेषतः घरातल्या बाया हे सांगत नाहीत, म्हणून सासूनं-सुनेनं, मुलीनं त्यांना आपण होऊन विचारावं.

दुसरी खूण पावलाची. दर दोन-तीन दिवसांनी भिंतीला हात लावून आधी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. दुखरं पाऊल टाचेवर उभं राहत नसेल, चप्पल पुढून घासत असेल, पायातून निसटत असेल आणि हे दिवसागणिक वाढत असेल, तर नस कमजोर होते आहे. तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. कळ अचानक थांबली आणि पाय मात्र जड पडला, तर ते बरं होणं समजू नका.

तिसरी खूण पाठीबाहेरची आहे. संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन, रात्रीचा घाम आणि आडवं पडल्यावरही न थांबणारी कंबरदुखी असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा पडझडीनंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी थांबू नका.

तारखेची तयारी

हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. पुढची बरीच वर्षं अवघड दुखण्याचा रस्ता नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयाकडे किंवा त्याहून लांब जात राहिला. 2024 मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एखादं महाविद्यालय पूर्ण उभं राहायला वर्षं लागतात, पण तज्ज्ञ जवळ येण्याची ती सुरुवात आहे. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कोणती कागदपत्रं लागतील, हे आधी कळलं की सावकाराकडे जाण्याची घाई होत नाही.

एक वही करा. कळ कोणत्या दिवशी सुरू झाली, कुठून कुठे जाते, कशानं वाढते, कशानं उतरते, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, टाचांवर-चवड्यांवर चालणं जमलं का, एवढं दोन ओळींत रोज लिहा. सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावा. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, गाभा आणि नस दिसत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा एक्स-रे काढण्यात पैसे घालू नका. एमआरआयचा कागद वाचून घाबरूही नका. 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांपैकी विशीतल्या 30 टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या 84 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये गादीचा फुगवटा दिसला होता. वयाबरोबर केस पांढरे होतात तशाच गाद्याही झिजतात. कागदावरचा फुगवटा आणि पायातली कळ एकमेकांशी जुळतात का, हे तपासणारा डॉक्टर सांगतो. म्हणून त्यांना तीन प्रश्न विचारा. माझ्या पायाचं दुखणं या चित्राशी जुळतं का? मी आणखी काही आठवडे थांबलो तर काय धोका आहे? शस्त्रक्रिया केली तर काय लवकर बरं होईल आणि काय होणार नाही?

घरातल्यांसाठी शेवटचं. सायटिका बाहेरून दिसत नाही. प्लास्टर नसतं, ताप नसतो. माणूस दुपारी चार पावलं चालताना दिसतो आणि रात्रभर कण्हतो, मग ‘काम चुकवतो’ असा संशय येतो. काढणीच्या दिवसांत तर एका मजुराची कमी सगळ्यांना जाणवते. त्याला अंथरुणातही टाकू नका आणि कट्ट्याखालीही लावू नका. वाळत घातलेल्या हळदीची राखण, कट्ट्यांचा हिशेब, मोंढ्यात फोन करून भाव विचारणं, उंच टेबलाशी उभं राहून हळकुंडांची निवड, यांतलं एखादं काम त्याच्याकडे द्या आणि मधे मधे त्याला चालू द्या. संध्याकाळी कामावरून आलात की त्याच्याबरोबर भिंतीपाशी उभे राहा. टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा. ती मोजा आणि वहीत लिहा.